बाईच्या भाडेकरूची कमाई

सावली, जिल्हा चांदा
जेठ सरत आला, सन ५६

गोकुळाबाईले धाकट्या उमाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

बाई, तुह्या होनाऱ्या भाडेकरूची कमाई मी खाऊन टाकली. हे आंधी सांगतो, मंग तब्येत पुसतो. तुहा खोकला कसा हाय? माजरीच्या खदानीची धूळ भाऊजीच्या डोळ्यात अजून जाते का? (माह्यावर डोळे वटारताना तं जात नाई.)

भाऊजीनं लिवलं होतं का इथची तुमची रिकामी खोली चैतूले द्याच्या आंधी त्याची कमाई सोता पाहून ये, पगारदार नसन तं देऊ नोको. चैतू तलावात मासोळ्या धरते. त्याचं गाव नाल्यापल्याड. त्याची बायको वच्छला, तिचे दिवस भरत आले. नाला भरला का दाई तिकडं पोचत नाई, म्हनून त्याले पान्याआंधी सावलीत खोली पाह्यजे.

मी गेलो, पन तलावच असा निजला होता का काय सांगू. पान्यावर ऊन सांडलं होतं, कमळाची पानं हळूहळू हलून राह्यली होती, अन् चैतूचा डोंगा दूर जाऊन ढगात शिरल्यासारखा दिसे. मी बांधावरच्या मोहाखाली टेकलो. मले वाटलं का मीच डोंगा हाय, मले कोनी बांधत नाई, कोनी शाळेत धाडत नाई. (शाळा तं मी कवाचीच सोडली, पन डोंग्याले काय मालूम.)

डोळा उघडला तं इतवारी बुढा पळसाच्या पानावर मासोळ्यांचे वाटे घालत होता. तिथची रीत अशी का बांधावर जो असन त्याले वाटा, निजलेल्यालेही. चैतूले एक त्याचा, एक जाळ्याचा, एक वच्छलाचा, अन् एक तिच्या पोटातल्या लेकराचा. (भाऊजी येवढे पगारदार, पन जल्माआंधी त्याहिले कोनी काही देल्लं का?) माहा वाटा मी डोळे चोळेपर्यंत कुत्र्यानं नेला. मंग वच्छलानं मले घरी जेवाले बसवलं. मी रुबाबात पुसलं का महिन्याची कमाई किती.

वच्छला म्हने, "मोजाले आला ना भाऊ तू? मंग जेव. पोट भरन तिथं हात थांबव, तेवढी लिव."

हात थांबलाच नाई, बाई. मासोळीच्या रस्स्याचा गंज पुसून खाल्ल्यावर समजलं का थो लेकराचा वाटा होता. मले येवढी लाज वाटली का खिशातली तुह्या खोलीची चाबी चैतूच्या हातात ठेवून आलो.

तुहा उमाजी

ता. क. परवा नाला भरला. आज पहाटे तुह्या खोलीत पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. पोरगी माह्यासारखीच भुकेली हाय.

आनखी एक. चैतू भाडं मासोळीनं देते. मासोळी माजरीपर्यंत टिकत नाई, म्हनून तुह्या नावानं मीच खाऊन राह्यलो. तू भाऊजीले येवढंच सांग का त्या घरात तान्ह्या पोरीलेही कमाई हाय. हे काई खोटं नाई. पन भाडं माह्या ताटात येते हे सांगू नोको. भाऊजीले नोको, मायले नोको, शेजारच्या रंभाकाकीले तं बिलकुल नोको. हात जोडतो बाई, कोनालेच नोको.