हिचं नाव

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! या वयात! शाळा कशी लख्ख आहे, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीशी मला गादीची खुर्ची. काम काय, तर ऐकायचं. रसायनाच्या बाई म्हणाल्या, मुलांना धडा नुसता पाठ आहे की समजलाय, हे पाहायचं तर न शिकलेल्या माणसाला समजावून सांगायला लावावं. मी सहावी नापास. एकेकाने धात्विक बंध सांगायचा, मी तक्त्यात नावापुढे 'समजलं' किंवा 'नाही' लिहायचं. लेक म्हणाली, बाबा, न समजण्याचा पगार मिळणार तुम्हाला! ही जाऊन चार वर्षं झाली. असती तर तोंडावर हात ठेवून हसली असती. निघताना कडी तीनदा पाहिली.

४ तारीख, मंगळवार
दोन वेण्यांच्या मुलीने सांगितलं, धातूतला प्रत्येक अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सोडून देतो. ते मग कुणा एकाचे राहत नाहीत, सगळ्यांमधून फिरतात, आणि त्यांच्यामुळेच सगळे अणू धरून राहतात. मी 'नाही' लिहिलं. ती रडवेली झाली. जिवाला लागलं माझ्या. जेवण गेलं नाही.

६ तारीख, गुरुवार
चष्मेवाल्या मुलाने दाखला दिला. एक बाई कुलपाची किल्ली रुमालाच्या टोकाला बांधून उशाखाली ठेवायची आणि सकाळी घरभर शोधायची. अहो, ही तर आमची ही! मी शाळेत कुणापाशी बोललो नव्हतो. तुला कुणी सांगितलं, असं विचारलं. म्हणाला, आजोबा, ते आता कुणा एकाचं नाही. चेष्टा असेल. चेष्टाच.

७ तारीख, शुक्रवार
पोटरीवरचा कुत्रा चावल्याचा व्रण शोधत बसलो. स्पष्ट आठवतंय— तांबडा कुत्रा, पडलेली सायकल, धावत आलेली आई. व्रण नाही. मला सायकल कधी नव्हतीच. लेक म्हणाली, बाबा, उन्हातून चालत येत जाऊ नका.

१० तारीख, सोमवार
आज एका मुलाच्या दाखल्यात हिचं खोकणं. एका मुलीच्या दाखल्यात हिची शिवण. किल्लीचं मला आठवत नाही— वर ६ तारखेचं वाचलं म्हणून कळलं. बाईंना म्हटलं, काम सोडतो. त्या शांतपणे म्हणाल्या, घाबरू नका आजोबा, समजत आलंय तुम्हाला. मीठ ठोकलं की फुटतं, धातू नुसता पसरतो. तेवढा तक्ता पुरा करा.
तक्ता घरी आणून सगळ्या नावांपुढे 'नाही' लिहिलं. ठसठशीत.

११ तारीख, मंगळवार
तक्ता द्यायला प्रयोगशाळेत आलो. उघडला. सगळीकडे 'समजलं'. अक्षर माझं.

हिचा चेहरा— नाही.

नाव तरी. जन्मभर घेतलं नाही, नुसतं 'अगं' म्हणून भागवलं. कुठे लिहिलंही नाही. आत्ताच लिहून ठेवतो, अजून जिभेवर आहे. दाराबाहेर मुलं रांगेत उभी. सगळी एकदम पुटपुटतात— तीन अक्षरं— तीच— पहिलं गेलं— थांबा रे बाळांनो, एवढं एक राहू द्या, हिचं नाव