पलंगावर मांडलेलं दुकान

अमळनेर, शुक्रवार

मित्रवर्य मुख्तारभाई यांस,

रतनलालचा जयजिनेंद्र आणि सलाम. (दोन्ही घे, आधी कोणता ते तूच ठरव.) धुळ्यात थंडी कशी आहे? मोतीबिंदू काढलेला डोळा काय म्हणतो? इकडे सर्व कुशल, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

दिवाळीत पारसने मला कापडदुकानातून निवृत्त केलं. 'पप्पा, आता आराम करा,' म्हणाला. मुलगा गुणी, त्यामुळे भांडताही येईना. आराम म्हणजे सकाळी उठायला कारण नसणं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जेवण बेचव, झोप गायब, सुनेनं 'चहा कसा झालाय' विचारलं तरी डोळ्यांत पाणी. (तिला वाटलं चहा बिघडला.) लोक म्हणाले, मन तरुण ठेवा. केस काळे केले, तर मंदिरात मला कुणी ओळखेना. हास्यक्लबात गेलो. मी जन्मभर गिऱ्हाइकांच्या विनोदांना हसत आलो, पण समोर गिऱ्हाईकच नसताना हसू येईना.

मग एका सकाळी शेजारच्या कुंदाबाई विरजण मागायला आल्या. तुझी वहिनी हीराबाई मंदिरात गेलेली. मी दार उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, 'या, बसा, काय दाखवू?' पुढचं मलाही नीट आठवत नाही. हीराबाईचं कपाट उघडलं, पलंगावर पांढरी चादर अंथरली आणि एकेक साडी उलगडून टाकत सुटलो. पदर खांद्यावर घेऊन दाखवला, काठ उजेडात धरला. 'माले ते विरजण जोयजे व्हतं, भाऊ,' असं कुंदाबाई म्हणत राहिल्या, आणि मग त्यांनीच विचारलं, 'ह्यामा हिरवा शे का?' होता. हीराबाई परतली तेव्हा तिची हिरवी इरकल काखेत मारून कुंदाबाई जिना उतरत होत्या आणि मी गुणगुणत घड्या घालत होतो.

हीराबाई रागावली नाही. पलंगावर बसली आणि म्हणाली, 'किती दिवसांनी तुमचा आवाज ऐकला.' मग आम्ही दोघंही रडलो. तिनंच मला जळगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ही उदासी म्हणजे आजार आहे, शुगर-बीपीसारखा, त्यात लाजायचं काय? झोप, ऊन, माणसं, हातातलं काम, सगळ्याचा मनावर परिणाम होतो. गोळ्याही दिल्या. आता रोज दुपारी तासभर दुकानात नुसत्या साड्या उलगडतो. (घड्या पारस घालतो.) बरं वाटतंय, मुख्तार. रोज नाही, पण वाटतंय.

तुझा,
रतनलाल

ता. क. कुंदाबाई साडी परत देत नाहीत, उलट तिच्यावर ब्लाउज हवाय. शिवेल तर मुख्तारच, असं मी सांगून बसलोय.

आणखी ता. क. तू मशीन झाकून ठेवलंस, खोलीबाहेर येत नाहीस, हे तुझ्या सुनेनं, नाजमीननं, फोनवर रडत सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे दोघांची वेळ घेतलीय. जळगावला जायला आधी धुळ्याला येणं म्हणजे उलटी वाट, हे मलाही कळतं, पण सकाळच्या एसटीने मी तुला घ्यायला येतोय. शाळेपासून ज्याच्याशी भांडतोय तो एकच माणूस मला उरलाय, तो असा गप्प बसलेला मला सोसत नाही. निघाला नाहीस तर मीही तुझ्या खोलीत मुक्काम ठोकतो. मग सूर्य मावळायच्या आत मला जेवू घालायची जबाबदारी तुझी.