चांदीपच्या गेटचा पाया

मामंजी, चांदीपचं गेट आज सकाळी एका बोटाने बंद झालं. खरंच एका बोटाने. तिथल्या बाईंनी करंगळी टेकवली आणि दोन्ही झडपा सरकत आल्या, मधोमध भेटल्या, कडी आपसूक खाचेत पडली. टक्. तो आवाज ऐकून मी रस्त्यातच टाळ्या वाजवल्या. साठीला आलेली बाई, केसांत सिमेंट, आणि टाळ्या वाजवतेय. आमचा वेल्डर म्हणाला, “काकी, शादी आहे काय कोणाची?” घरी आल्यापासून मला बसवत नाही. चहा टाकला तो उतू गेला, दुसरा टाकला तो प्यायचा राहिला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी असं काही जमलं की पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटतं. दुसऱ्या कोणाला सांगायला गेलं तर म्हणतील, गेट बंद झालं, त्यात काय? सासऱ्यांकडून बायकांना पाटल्या मिळतात, मला तुमच्याकडून वालीवची लोखंडकामाची शेड मिळाली. म्हणून ऐकायचंही तुम्हीच.

नीट सांगते. श्रावणात फोन आला. चांदीपला भाताच्या खाचरावर भराव टाकून बांधलेला बंगला, गेट जमिनीला टेकलेलं, गाडी आत अडकलेली. मी गेले आणि लांबूनच ओळखलं. वरच्या पट्टीला भाताच्या लोंबीसारखा बाक. तसा बाक तुमच्याशिवाय कोणी देत नव्हतं. मग खाली बघितलं. दर पावसाळ्यात घासतं म्हणून कोणीतरी खालची कड कापलेली, दर उन्हाळ्यात फट पडते, कुत्री शिरतात म्हणून पुन्हा पट्टी जोडलेली. कापलं, जोडलं, कापलं, जोडलं. आपल्या भागात सगळे हेच करतात. मीही केलं होतं. कामाला लागून वर्ष झालं असेल, आषाढात एका गिऱ्हाइकाचं गेट मी दोन बोटं कापून आले आणि शेडमध्ये येऊन ऐटीत सांगितलं. तुम्ही हातातला हातोडा खाली ठेवता. आवाज चढवत नाही, तेच जास्त लागतं. “पाय सुजला म्हनून चप्पल कापतेस? सूज उतरल्यावर काय करशील? आधी पानी कुठं जातं ते बघ. मंग माती. लोखंड सगळ्यात शेवटी.” मी मोरीत जाऊन रडले, दुःखाने नाही, रागाने. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा पितळी ओळंबा माझ्या हातात दिलात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. ओळंबा बाजूला ठेवून मी आधी तो कागद वाचला. चौथीत शाळा सुटलेली, त्यामुळे तेव्हा मिळेल ते वाचायची. वेल्डिंगच्या रॉडच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा. आता ग्रंथालयातून पुस्तकं आणते. गेल्या वर्षी शेतकऱ्यांसाठी लिहिलेलं मातीवरचं एक पुस्तक दोनदा वाचलं. चिकण माती पाणी पिऊन किती फुगते आणि वाळली की किती आकसते, ते त्यात चित्रं काढून दाखवलंय. वाचताना मी मोठ्याने म्हणत होते, हेच, हेच तर मामंजी सांगायचे.

म्हणून चांदीपला मी ग्राइंडर बाहेरच काढला नाही. ओळंबा सोडला. उजवा खांब आतल्या बाजूला दोन बोटं कलला होता आणि बुंध्याशी चीर होती. मग तुमचीच रीत. चिरेवर आडवा बांगडीचा तुकडा सिमेंटने चिकटवायचा आणि थांबायचं. खांब हलत असेल तर काच तडकते. पूर्वी माझ्या फुटलेल्या बांगड्या तुम्ही एका डब्यात जमवायचात. मग तुमचा मुलगा गेला आणि घरात बांगड्या फुटायच्या थांबल्या. तुम्ही काचवाल्याकडून पट्ट्या कापून आणायला लागलात. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. या वेळी मी नालासोपाऱ्याच्या बाजारात गेले. बांगडीवाली म्हणाली, “माप?” मी म्हटलं, “कुठलंही द्या, फोडायच्याच आहेत.” तिने कानावर हात ठेवले. “अगं बाई, तिन्हीसांजेचं असं बोलतात का काकी!” मला हसू आवरेना. तिला सगळं समजावलं, तर ती तडकलेल्या बांगड्यांचा ढीग पुढे करते, “मग ह्याच घ्या, फुकट.” मी म्हटलं, “नको, मला साबूत पाहिजेत. कधी तडकतायत तेच तर बघायचंय.” तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विचारू नका.

बाईंचा मुलगा मुंबईला नोकरीला आहे, तो रविवारी घरी होता. खांबाजवळ वाकून बघतो आणि म्हणतो, “काकी, बांगड्या भरून गेट दुरुस्त होतं? मग मेंदीपण लावा.” मी म्हटलं, “लावते, तुमच्या लग्नाला.” हसला, पण लगेच मुद्द्यावर आला. त्याला हे गेट भंगारात घालून मोटारवालं सरकतं गेट लावायचं होतं. रिमोट दाबला की झालं. मी एवढंच म्हटलं की खांब हलतोय तो जमिनीमुळे, आणि त्याच जमिनीवर तुमचा रूळ बसणार, तोही वाकेल. बाई पायरीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “दिवाळीनंतर महिना-सव्वा महिना देते तुम्हाला. तोवर नीट बंद झालं तर राहील. नाहीतर हा म्हणतो तसं.”

हे गेट कोणी केलं ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, बाई सासऱ्यासाठी गळ घालतेय. पण तुम्हाला सांगते, तुमच्या हातचं हे एवढंच उरलंय. मी मोजत आलेय ना. कुठे रस्ता रुंद झाला, कुठे बंगल्याच्या जागी बिल्डिंग आली, एक तर माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढवलं आणि मी रिक्षात बसून बघत राहिले. हेही गेलं असतं तर तुम्ही लोखंडाला कसा बाक द्यायचात ते दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

भाद्रपदात पहिली काच तडकली, मग दुसरी. दसऱ्यानंतर ऊन पडलं तशी चीर मिटत आली आणि गेट थोडं उचललं गेलं, कोणी हात न लावता. मी तिथे उभी राहून नाचायचीच बाकी होते. पाणी कुठे जातं तेही सापडलं. गच्चीचा पाइप नेमका उजव्या खांबाच्या बुंध्याशी सोडलेला, पावसाळाभर तिथली माती पाणी पीत होती. भाऊबीज झाली आणि आम्ही खणायला घेतलं.

तुमचा खांब म्हणजे तीन हात पाया. गिऱ्हाइकाने घाई केली तरी तीन हात, दगड लागला तरी तीन हात. वेल्डर खाली पहार मारत होता, मी वर घमेली उचलत होते. सव्वा हातावर तो थांबला.

“काकी, पाया संपला.”

“संपेल कसा? अजून खण.”

“अहो संपला. खाली चिखल आहे, या बघायला. कोण कामचोर होता काय माहीत.”

मी उतरले. हात घालून बघितलं. खरंच संपला होता. मला इतका राग आला, मामंजी, की त्या खड्ड्यात उभी राहून मी तुमच्याशी भांडले. मनात, पण भांडले. दुसऱ्याच्या पायाला बोट लावून नावं ठेवणारा माणूस, आणि हा काय पाया? मग माती झाडून बघते तर काँक्रीटचा आकारच विचित्र. काँक्रीट ओतलं की ते खड्ड्याचा आकार घेतं, हे तुम्हीच शिकवलंत. तुमचे खड्डे नेहमी पेटीसारखे, चारही बाजू उभ्या, कारण खणायचा तुमचा मुलगा. त्याच्या हातात पहार आली की भिंत कशी सरळ उतरायची. हा खड्डा मात्र वर पसरट, खाली निमुळता, एका बाजूला पहारेचे वेडेवाकडे घाव. एकट्या माणसाने, वयाने थकलेल्या माणसाने खणलेला.

तेव्हा कुठे मला जुळलं, हे त्या वेळचंच काम. ह्यांचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी तुम्ही सायकलला पहार बांधून कामाला निघालात. मी विचारलं कुठे, तुम्ही म्हणालात, चांदीपला, गेटचं काम घेतलंय. मी दारात उभी. घरात अजून पाहुण्यांची भांडी घासायची पडली होती. मला वाटलं, ह्या माणसाच्या छातीत लोखंड आहे. पुढे महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्हीच एक दिवस म्हणालात, शेडवर चल, घरात बसून काय करशील, आणि मी आले, शिकले, पण चौदावा दिवस मी विसरले नाही.

मी खड्ड्यातच होते तेव्हा बाई चहा घेऊन कडेला आल्या. त्यांना काय, सहज बोलल्या. “गेट बसवलं तेव्हा एक म्हातारा यायचा सायकलवरून. आमच्या मिस्टरांनी काम दिलं होतं. खणता खणता पाय खड्ड्यात सोडून बसून राहायचा. चहा दिला तर गार होईपर्यंत पेला हातात. मी मिस्टरांना म्हटलंसुद्धा, हा काय काम करणार? ते म्हणाले, राहू दे, त्याला घाई करू नकोस.” मी खाली मान घालून माती उकरत राहिले. वेल्डर म्हणाला, “काकी, धूळ गेली काय डोळ्यांत?” मी म्हटलं, “हो, गेली. तू दुसरं घमेलं दे.”

आणि मग आम्ही असा पाया घातला, मामंजी, असा घातला! डाव्या खांबाचंही तेच निघालं, म्हणून दोन्ही नव्याने. चार हात खाली मुरूम लागेपर्यंत गेलो. तळाला रुंद, वर अरुंद, म्हणजे वरची माती फुगली तरी खांबाला हलवू शकणार नाही. भोवती रेती-खडी, पाणी साचू नये म्हणून. गच्चीचा पाइप लांब नेऊन थेट गटारात सोडला. नव्या काँक्रीटवर बारदानं टाकून मी एकवीस दिवस रोज दोनदा पाणी घालायला लावलं. मुलगा म्हणायचा, “काकी, खांब आहे की तुळस?” तोवर गेट शेडमध्ये. खालच्या सगळ्या जोडपट्ट्या कापून काढल्या, एकावर एक पाच निघाल्या. गंज खरवडला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, खाली बेअरिंगची बिजागरी बसवली. ती तुमच्या वेळी नव्हती, तुम्ही आधी नाक मुरडलं असतं आणि मग चार वेळा हलवून बघितली असती. वरच्या बाकाला मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. तो मीच पॉलिश पेपरने घासला.

आज सकाळी टांगलं. बाईंनी करंगळी लावली ते सांगितलंच. मग मुलाने उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. शेवटी बाई ओरडल्या, “अरे, आता माणसांना आत-बाहेर जाऊ देशील का?” तो म्हणाला, “मानलं काकी. राहू दे हेच गेट.” मामंजी, राहिलं. तुमचं गेट राहिलं. मग तो खांबाकडे बघत म्हणाला, “पण आधीच्या माणसाने पाया कच्चा घातला होता ना? कोण होता तो?”

वेल्डर माझ्याकडे बघतो. मी ओळंब्याची दोरी गुंडाळते.

“माणसाचं काही नाही,” मी म्हटलं. “माती वाईट. भाताची माती आहे, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.”

“पण काकी, पाया तर सव्वा—” वेल्डर बोलायला लागला.

“तू मशीन टेम्पोत चढव.”

वालीव जवळ आलं तसा तो न राहवून म्हणाला, “तुम्ही तर कोणाला सोडत नाही. आज माती कशी काय?” मी म्हटलं, “पुढे बघून चालव.”

वीस-पंचवीस वर्षांच्या कामात मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. आज बोलले आणि अजिबात वाईट वाटत नाही. उलट दिवसभर हसतेय. माती सगळं सोसते, हेही सोसेल.

पत्र लिहून झालं. ते टाकायचं कुठे? कपाटात साड्यांखाली ठेवीन, ओळंब्याशेजारी. पण कोणी वाचणार नाही म्हणून एक लिहूनच टाकते. त्या चौदाव्या दिवशी तुमच्या फडक्यात मी नुसती कोरडी भाकरी बांधली होती. कालवण होतं. तुमच्यासाठी वाटीत काढलेलंही होतं. ते मी परत भांड्यात ओतलं.