दुसऱ्या स्टुलावरचं नाव

प्रिय सूनबाई,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. चिमणी ठणठणीत आहे, मीही आहे तशीच. फक्त आता तोंडात दात किती उरले ते पक्कं माहीत आहे. अकरा. ते कसं कळलं ते सांगते, पण आधी शाळेचं सांगायला हवं, नाहीतर म्हणशील, म्हातारी कुठून कुठे गेली.

चिमणीची शाळा हल्ली बुधवारी सुटतच नाही. म्हणजे पाचला घंटा होते, पण पोरं बाहेर येण्याऐवजी आपण घरच्यांनीच आत जायचं. बाईंनी मला दोनदा समजावलं, मी दोनदा मान डोलावली. डोक्यात काही शिरलं असेल तर शपथ. तिसरीच्या वर्गात दातांचे डॉक्टर. मोठ्या बाईंच्या खोलीत तान्ह्या बाळांची वजनं. एका वर्गात लोकांचे अर्ज भरून देतात. आणि चित्रकलेचे मास्तर मोठमोठ्या बाप्यांना गळका नळ दुरुस्त करायला शिकवतात. शाळा म्हणावी की बाजार, काही कळेना. मी आपली पोरीला आणायला गेलेली, दिसली त्या रांगेत उभी राहिले. रांग सरकली तशी सरकले. एका बाकावर बसवलं, आ करा म्हणाले, मी केला. म्हटलं, हल्ली मूल ताब्यात देण्याआधी घरच्यांना असं तपासत असतील. मागे फळ्यावर साताचा पाढा, पुढे डॉक्टर माझे दात मोजतायत. त्या पोरांच्या बाकातून मला बाहेर काढायला मात्र दोन माणसं लागली. चिमणी दारातून बघून इतकी हसली की तिला उचकी लागली. तशी हसलेली मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती. म्हटलं, अकरा दात दाखवून हे मिळत असेल तर स्वस्तात पडलं.

हं, तर खरं सांगायचं होतं ते वेगळंच. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये पायाने चालवायच्या सहा शिलाई मशिनी आहेत. त्या हॉलचं दार स्प्रिंगचं, सोडलं की मागून टाचेवर आपटतं. मला दोनदा लागलं, सांभाळून. एका मशिनीला दोन स्टूल, दोघींनी मिळून शिकायचं. मला काय शिकायचंय ते मलाच माहीत नव्हतं, पण मशीन दिसली आणि पाय आपोआप तिकडे वळले. शिवणाच्या बाईंनी कागद पुढे केला. एका चौकोनात आपलं नाव, दुसऱ्यात ‘मशीनवर तुमच्याबरोबर कोण’. बाकीच्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बाईचं नाव घातलं. मी चौथीही धड न झालेली. मला वाटलं, खरं काय ते विचारतायत. माझ्याबरोबर मशीनवर तूच असायचीस, म्हणून मी तुझं नाव लिहिलं.

आठवतं ना? चिमणीच्या वेळी सातवा महिना लागला आणि तुला पायडल मारवेना, मला सुईतला दोरा दिसेना. मग पाय माझे, हात तुझे. पोर झाली, चालायला लागली, तरी आपली ती खोड गेली नाही. लोक हसायचे, सासू-सून मिळून एक शिंपी म्हणून. मला त्यात फार मोठेपणा वाटायचा, तुला कधी बोलले नाही.

आता दर बुधवारी शिवणाच्या बाई हजेरी घेतात. माझ्यानंतर तुझं नाव येतं. पहिल्या वेळी मी गडबडले आणि तोंडातून निघून गेलं, “येतेय.” दुसऱ्या बुधवारी पुन्हा तेच. बाई चांगल्या आहेत, तुझ्या नावाची चिठ्ठी त्यांनी स्टुलाला चिकटवली. मी एकटीच पायडल मारते. दप्तराची पिशवी शिवायला घेतलीय, सरळ शिवण कशीबशी जाते, कोपरा आला की कापड वळवायला हात नाहीत. खिडकीतून मैदान दिसतं, पोरं सातपर्यंत तिथे खेळतात. परवा चिमणी खेळ सोडून आत आली, ती चिठ्ठी वाचली आणि मला हळूच म्हणाली, “आजी, आई खरंच येतेय?” मी पायडल जोरात मारायला लागले. दुसरं काय करणार?

तू म्हणाली होतीस, या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. बरोबरच होतं. तुला राहायला मिळालेल्या खोलीत पोरं चालत नाहीत, म्हणून रविवारी बसथांब्यावर चिमणीला भेटतेस. मी खिडकीच्या पडद्याआडून बघते. खाली यायला तोंड नाही. माझ्या लेकाने तुला न विचारता तुझी मशीन विकली, हे तुला ठाऊक आहे. पण ती माणसं मशीन घेऊन निघाली तेव्हा दार कुणी उघडून धरलं, हे कुणी तुला सांगितलं नाही. मी धरलं होतं. जिना अरुंद आहे, सांभाळून न्या, असंही म्हटलं वर. का म्हटलं, ते अजून कळत नाही.

तीन वेळा गैरहजर राहिलं की स्टूल दुसऱ्या बाईला देतात. येता बुधवार तिसरा. म्हणून हे पत्र चिमणीच्या दप्तरात घालतेय, रविवारी तुझ्या हातात पडेल. शाळा ना तुझी ना माझी, तिथे कुणाची पायरी चढायची नाही. बुधवारी माझा लेक ट्रक घेऊन बाहेरगावी असतो, त्याला यातलं काही माहीत नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नुसती कोपरे वळव. सव्वापाचला ये. ते स्प्रिंगचं दार तुला लागू नये म्हणून मी धरून उभी राहीन.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
आई