वहिनीच्या लग्नासाठी मोरपंखी ड्रेस

६ एप्रिल, रविवार
ठरलं! वहिनीचं लग्न ११ मेला, हरमलला, नवऱ्यामुलाच्या दारातच मांडव. दादा गेल्यापासून चार वर्षं ती आमच्याबरोबर मुळगावातच. गावातल्या बायकांचे कपडे शिवते. हरमलच्या विनायकने पर्यटकांच्या खोल्यांसाठी पडदे शिवायला दिले, तिथून हे सगळं. पडदे लागून गेले तरी खिडक्यांची मापं सांगायला येतच राहिला. बाबाच पुढे होऊन बोलणी करून आले. आई भाकऱ्या थापत राहिली.

७ एप्रिल
दवाखान्यातली ड्युटी संपवून येताना डिचोलीत माझ्या ड्रेसचं कापड घेतलं. मोरपंखी. म्हटलं, नवरीने काही शिवायचं नाही, मी टेलरकडे टाकते. वहिनी भडकली. "टेलराकडे? मी घरात असताना? मगे तूच शीव. मी बाजूक बसतंय."
मी लावलेलं बटणसुद्धा लोंबतं. तरी हो म्हटलं. तेवढेच दिवस तिच्याजवळ बसायला.

१३ एप्रिल, रवि.
कापलं. कातर हातात, आणि मी खडूच्या रेघाच परत परत तपासतेय. वहिनी म्हणाली, "कापड चावणा नाय गो, काप!"
दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. वहिनी हसून हसून जमिनीवर. आतल्या खोलीतून आईपण हसली बहुतेक, कारण लगेच कपाटाचं दार जोरात लावलं. उरलेल्या तुकड्यांतून उजवी बाही कशीबशी निघाली, काखेत जोड देऊन. लग्नात हात वर करायचा नाही.

२० एप्रिल
आज वाईट झालं. वहिनीला आईवडील नाहीत. जेवताना म्हणाली, "माजा कन्यादान तुमी दोघांनी करा." बाबा लगेच, "आमी नाय तर कोण?" आई म्हणाली, "सुनेचा कन्यादान कोण करता? माजो झील..." मुलाचं नाव न घेताच ताट उचलून मागच्या दारी गेली. सोलकढी तशीच राहिली.
नंतर वहिनीला म्हटलं, आईचा राग धरू नको गं. ती दोरा ओवत होती. "ती रागान नाय बोलाक. मी गेलंय म्हणजे तिचो झील परत एकदा गेलो."
मी सुई तिच्या हातातून घेतली. दोरा मीच ओवून दिला.

२७ एप्रिल
मशीनवर बसले. बाजूची टीप वाकडी. उसवली. परत वाकडी. वहिनी दोन्ही हात पाठीमागे धरून बसते, म्हणजे मध्ये घालायचा मोह नको.
मशीन दादाने घेतलेलं, तिच्यासाठी. आता ते मला ठेवून जाणार म्हणते. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "हिका खंय जमता? तूच घेऊन जा. थंय पडदे कोण शिवतलो?"
लग्नानंतरचं काही आई पहिल्यांदाच बोलली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. हसू आलं असतं, नाहीतर दुसरं काही.

४ मे
विनायक फणस घेऊन आला. आईच्या पाया पडला. आईने एवढंच विचारलं, "पाणी कसला तुमगेर? बायचा?" हो, अंगणातच विहीर आहे, म्हणाला. "खारा नाय मा?" "नाय, गोडा." तो गेल्यावर मला म्हणते, "माणूस बरो आसा." मग, "पण..." आणि तेल लावलेली सुरी घेऊन फणस कापायला बसली.
ड्रेस झाला, खालची घडी सोडून. विनायकला दाखवला. "छान! कुठल्या दुकानातला?" वहिनी अभिमानाने एवढी फुगली, जसा काही ड्रेस तिनेच शिवला.

१० मे
आईने ड्रेस अंगावर बघितला. "मागे लोंबता." मला स्टुलावर उभी केली, तोंडात टाचण्या धरल्या, गोल फिरवलं. मग खिडकीशी उजेडात बसून खालची घडी हाताने शिवली. इतके बारीक टाके, मला माहीतच नव्हतं तिला येतात म्हणून. वहिनी दारात उभी, मेंदीचे हात हवेत. सकाळपासून खाल्लं नव्हतं. आईने सुई पदराला खोचली, भात कालवला आणि तिला भरवायला लागली. वहिनी रडत रडत जेवली.
आई एवढंच म्हणाली, "माशाचो काटो बग."

११ मे, सकाळी
गाडी यायचीय. ड्रेस घातला. गळा जरा ओढतो. चालेल.
आई हिरवी साडी नेसून तयार. बाबांनी हळूच विचारलं, "कन्यादानाक पाटावर बसतलंस मा माझ्या बाजूक?"
"मांडवात येतंय. फुडला थंय गेल्यार बगू."
तेवढ्यात आतून वहिनी, "आई, निऱ्यो बसनत नाय गो, येवा बगू जरा!"
आई गेली. तिच्या पायाशी खाली बसून निऱ्या सारख्या करतेय. एकेक धरून, ओढून, परत सोडून. बाहेर गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. उठत नाही अजून.