तडा गेलेले मशीन आणि मागे राहणारा धंदा

मी, खाली सही करणारी, जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकून दोन मुले वाढवलेली विधवा, उद्या सकाळी ऑपरेशनला जाण्यापूर्वी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. आज त्यांचीही एक चूक मी दुरुस्त केली आहे.

१. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालायची नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलीची. मला आयुष्यभर 'भंगारवाली' म्हणणाऱ्या जाऊबाईंना कान तुटलेला कपांचा संच द्यावा. तो लिलावातही कोणी घेतला नाही.

३. शिवणाचे मशीन मुलीचे. तिचे पोट त्यावर चालते. दुरुस्तीसाठी तिने ते आमच्या दुकानात ठेवले होते. बहीणभावाचे वाजले आणि मी इथे दाखल होताच थोरल्याने ते लिलावात लावले. आज संध्याकाळी लिलाव संपतो. धाकटी फोनवर रडली, "आई, दादाला सांग ना गं काहीतरी!"

एका फोनवर मी ते थांबवू शकते. पण धंदा कोणाच्या हाती जातो आहे, ते मला पाहायचे आहे. मशीनच्या डाव्या अंगाला जुना तडा आहे. शिवायला आड येत नाही, पण आहे. थोरल्याने सगळे फोटो उजवीकडून काढले आहेत. म्हणून लिलावाच्या पानावर परक्या नावाने मी लिहून विचारले, 'मशीनला कुठे तडा आहे काय? कळावे.'

४. धंदा. चालवील त्याने हे पाळावे. फोटो दिवसा, खिडकीशी काढावेत. दोष पहिल्याच फोटोत दाखवावा. बोली कमीपासून सुरू करावी. हाव दिसली की गिऱ्हाईक पळते. 'नव्यासारखे' लिहू नये. नव्यासारखे असते तर आपल्या दारात कशाला आले असते? काच गुंडाळताना आळस नको.

धंदा कोणाला, ती जागा कोरी ठेवत आहे. थोरला खोटे बोलला तर दुकानाला कुलूप.

"आजी, फोन ठेवा बघू. बीपी चढतंय," नर्स म्हणते.

"चढू दे. माझंच आहे ते."

उत्तर आले. डावीकडून काढलेला स्वच्छ फोटो आणि खाली: 'हो, तडा आहे. आधीच दाखवायला हवा होता. चूक माझी.' बोली तिथेच थांबली.

बऱ्याच वेळाने त्याचा फोन. "आई, प्रश्नाखाली 'कळावे' लिहिणारं गिऱ्हाईक तुझ्याशिवाय कोण असणार? आत्ता लक्षात आलं माझ्या. काढलं मशीन लिलावातून. गोळी घेतलीस का?"

फोटो आधी आला, मला ओळखणे नंतर. तेवढे मला पुरे आहे. कोरी जागा भरली: धंदा थोरल्याला. मशीन मात्र त्याने स्वतः उचलून बहिणीच्या घरी पोहोचवावे. हमाल लावू नये.

साक्षीदार: १. वॉर्डातील नर्स. २. शेजारच्या खाटेवरील निवृत्त शिक्षिका.
ठिकाण: रुग्णालय, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, आकड्यांत साक्षीदारांनी सहीखाली घातली आहे.

सही

कळावे.