सेकंदाला एकवीस चित्रं

शनिवार, १२ जानेवारी २००८

घडलं ते असं—
१. सकाळी १०.२० ला गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर मी लिहिलेला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा प्रोग्राम, चढवला.
२. सेकंदाला २१ चित्रं दिसत होती, ती ३० झाली. अपेक्षा तेवढीच होती.
३. १०.३५ ला बाबा बसले. नेहमीचा हायवे, नेहमीची पिवळी गाडी.
४. पहिल्याच मिनिटात पुढच्या ट्रकवर आदळले. पंधरा मिनिटांत अकरा वेळा.
५. बाबा उठले. "बिघडवलंस मशीन," म्हणाले आणि ड्यूटीचे बूट पुसत बसले.
६. मशीन बिघडलेलं नाही.

अकरा वेळा! या रेल्वे कॉलनीत या गेममध्ये बाबांना कुणी हरवलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाचे, संग्रामचे, कॉलेजातले मित्र खास हरायला येतात.

दुरुस्ती साधी होती. गेम मूळचा टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा. कुणीतरी घाईत पीसीवर आणला. दर चित्रानंतर तो ३३ मिलिसेकंद थांबायला सांगतो. विंडोजचं घड्याळ मात्र साधारण १५.६ च्या टप्प्यानं सरकतं, म्हणून तिसऱ्या टप्प्यापर्यंत थांबणं होतं ४७. तीसऐवजी एकवीस. शिवाय गेम वेळ मोजत नाही, चित्रं मोजतो. चित्रं कमी, तर अख्खी शर्यतच संथ. मी घड्याळाचा टप्पा एक मिलिसेकंदाचा केला. बस्स.

बाबांच्या वाढदिवसाची भेट होती. सत्तावन्न पूर्ण.

रविवार, १३ जानेवारी

माझ्याच पॅचमध्ये चूक असणार. स्टॉपवॉच घेऊन तपासलं. गेमचं एक मिनिट आता बरोबर साठ सेकंदांचं. आधी चौऱ्याऐंशीचं होतं.

चूक नाही.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. सकाळपासून सगळं जयपूर छतावर. "वो काटा!" ऐकून कान किटले. आईनं तिळाच्या लाडवांबरोबर इकडची शेवयांसारखी गोड फीणीही आणली होती.

बाबांनी या वर्षी पतंग उडवला नाही. मांजाची चरखी धरून उभे राहिले. शेजारच्या मीणा अंकलनी टोमणा मारला, "क्या दशरथजी, रिटायर हो गए?" बाबा हसले. "अब बच्चों के दिन हैं."

मागच्या वर्षी यांनीच मीणांचे नऊ कापले होते.

लक्षात ठेवलं.

बुधवार, १६ जानेवारी

सीतापुऱ्याच्या कारखान्यात दिवसभर विजेचे मीटर तपासते. पगार त्याचाच मिळतो. मीटर चुकतोय असं म्हणायचं तर किती टक्के, कोणत्या भारावर, ते लिहावं लागतं. नुसतं 'वाटतं' चालत नाही.

मग घरी का चालावं?

पुढच्या ट्रकचा ब्रेकचा दिवा लागला की मेमरीत एका जागी शून्याचा एक होतो. ती जागा शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. आता दिवा कधी लागला आणि ब्रेकची कळ कधी दाबली, दोन्ही वेळा आपोआप फाइलमध्ये जातात.

माझा पॅच काढून जुना संथ वेग परत आणला. बाबांना सांगितलं, "दुरुस्त केलं. बसा."

खोटं बोलले. बाबा खूश झाले. "आता कशी शहाण्यासारखी चालतेय बघ!"

बाबा रेल्वेचे ड्रायव्हर, खेळतातही इंजिनात बसल्यासारखे. ड्यूटीवर सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं मोठ्यानं पुकारायचा आणि असिस्टंटनं तोच परत पुकारायचा, असा नियम आहे. म्हणून ट्रकचा दिवा लागला की बाबा ओरडतात, "लाल!" आणि स्वयंपाकघरातून आई ओरडते, "लाल!" आम्हाला कळतंय तेव्हापासून घरात हेच. आधी रस्त्यावरच्या सिग्नलला, मग टीव्हीला, आता गेमला.

संग्राम चिडवतो, "आई, तुला तिथून दिसतं तरी का?"

"मला कशाला दिसायला हवं? माझा ड्रायव्हर लाल म्हणाला ना!"

शनिवार, १९ जानेवारी

आकडे. प्रत्येकाचे चाळीस वेळचे, मधला आकडा, मिलिसेकंदांत.

संग्राम २९०. मी ३२०. आई (आयुष्यात पहिल्यांदा खेळली, एकदा कळच सापडेना) ४७०.

बाबा ७६०.

पुन्हा घेतले. ७४०.

मग बाबांना म्हटलं, आज ब्रेक डाव्या हातानं दाबून बघा, गंमत. ३९०!

म्हणजे डोळे ठीक. लक्ष ठीक. डावा हात वयाच्या मानानं उत्तम. फक्त उजवा. आणि सगळ्यात वाईट फाइलमध्ये नाही, कानांनी ऐकलं: "लाल!" दिव्याबरोबरच येतं, आणि हात त्यानंतर येतो. मध्ये एक जागा आहे. आईचं "लाल!" त्या जागेत पूर्ण बसतं. बाबांच्या हाताआधी आईचं म्हणून होतं.

आठ दिवस मी ते ऐकत होते. मतलब वर्षभर ऐकतच असेन.

हे डॉक्टरी मोजमाप नाही. कीबोर्ड स्वस्तातला आहे. हे लिहून ठेवते. पण कीबोर्ड सगळ्यांना सारखाच होता.

बाबा उद्या सवाई माधोपूरची पॅसेंजर घेऊन जाणार. नऊ डबे.

रविवार, २० जानेवारी

जेवताना विचारलं, "बाबा, इंजिनात ब्रेक कोणत्या हातानं लावता?"

"का?"

"सहज."

"दोन्ही हातांना काम असतं, बाई. तिथं तुझ्यासारखं एका बोटाचं काम नाही."

डबा घेऊन गेले. सदऱ्याची बटणं आईनं लावली. आई लावते ती लाडानं, असं मी आजवर समजत होते.

सोमवार, २१ जानेवारी

बाबा सकाळी सुखरूप परत. झोपले.

स्टेशनाबाहेर, ड्रायव्हर ड्यूटीची हजेरी लावतात त्या लॉबीपाशी, रणजीतजींना गाठलं. दोन वर्षं बाबांचे असिस्टंट आहेत, मला बहन म्हणतात. चहावर इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, बाबा हल्ली गाडी कशी चालवतात?

चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

"सर आजकल ब्रेक पहले ही लगा देते हैं. बहुत पहले. गाड़ी चार-पाँच मिनट लेट हो जाती है, बस."

"और अचानक कुछ सामने आ जाए तो?"

"अचानक का तो..." कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बहन, उनके जैसा ड्राइवर नहीं है इस लॉबी में. मैंने उनसे सीखा है."

चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. जाताना "साहब को नमस्ते कहना" म्हणाले. पाच तासांपूर्वीच तर एकाच इंजिनातून उतरले होते दोघं!

सिग्नल कुठे आहे ते आधीच माहीत असतं. फाटकात अडकलेली उंटगाडी आधी माहीत नसते.

मंगळवार, २२ जानेवारी

क्रमानं लिहिते.

संध्याकाळी बाबा खेळत होते. जुनाच वेग, माझा पॅच नाही. कोपऱ्यात मी चित्रांचा आकडा चालू ठेवला होता: २१, २१, २१. संग्राम आला. वाकून, गेम चालूच ठेवून, त्याच मशीनवर गाणी लावली.

आकडा ३० झाला.

पिवळी गाडी सुटली. ट्रक. धडक. बाबा ओरडले, "बंद कर ती गाणी! किती वेळा सांगितलं, मी खेळताना गाणी नकोत!" संग्रामनं बंद केली. आकडा २१.

मी स्वतः एकदा लावून पाहिली. ३०. बंद. २१.

कारण मला एका क्षणात कळलं. गाणी नीट वाजावीत म्हणून वाजवणारा प्रोग्राम घड्याळाचा टप्पा बारीक करून घेतो, आणि टप्पा अख्ख्या मशीनचा बदलतो. मी आठवडा घालवून जे केलं, ते एक गाणं लावल्यावर आपोआप होत होतं.

पण धक्का तो नाही.

संग्रामला बाहेर नेऊन विचारलं, बाबांना गाणी कधीपासून नकोशी झाली? म्हणाला, "अगं ताई, आधी गाणी लावूनच तर खेळायचे. माझ्या दोस्तांना हरवलं ते सगळं गाण्यांवरच. मागच्या होळीनंतर बंद केली. म्हणाले, डोकं दुखतं."

बाबांना घड्याळाचे टप्पे माहीत नाहीत. पण गाणी लागली की रस्ता पळतो आणि बंद केली की आवाक्यात येतो, एवढं त्यांनी बरोबर टिपलं. पस्तीस वर्षं वेग ओळखत आलेला माणूस! तिकडे ब्रेक लवकर लावायचा, इकडे गाणी बंद ठेवायची.

बाबांना माहीत आहे. होळीपासून. दहा महिने.

आणि मी? बारा तारखेपासून आकडे गोळा करत बसले. तेवढ्यात बाबा चार वेळा गाडी घेऊन गेले. प्रत्येक वेळी मी म्हटलं, अजून थोडे आकडे घेऊ, मग बोलू. अचूकपणा म्हणत होते त्याला.

बुधवार, २३ जानेवारी

ऑफिसला गेले नाही. बाबा बाजारात गेल्यावर आईला सगळं सांगितलं. आकडे दाखवले.

तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बटणं मी उगाच लावते का गं?"

"मग आई, बोलली का नाहीस?"

"काय बोलू? भुसावळला इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी लागले तेव्हा वीस वर्षांचे होते. इंजिन पुसायचे. आपल्या वस्तीतला पहिला ड्रायव्हर! गावी गेले की म्हातारी माणसं अजून उठून जयभीम घालतात. जूनमध्ये मेडिकल आहे. तिथे कळेल ते कळेल."

"तिथे डोळे तपासतात, आई. ब्लडप्रेशर. ते सगळं बाबांचं चांगलंच आहे."

"मग पास होतील."

"हो. हाच तर प्रॉब्लेम आहे!"

पहिल्यांदा आवाज चढला माझा. आईनं कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "माझ्या तोंडून नको, गौतमी. पस्तीस वर्षं ते म्हणतील ते मी परत म्हणत आले. उलटं कसं म्हणू?"

संध्याकाळी बाबा खेळायला बसले. ट्रकचा दिवा लागला.

"लाल!"

स्वयंपाकघरातून काही आलं नाही. कुकरची शिट्टी तेवढी.

बाबांनी मान वळवली. दाराकडे बघत राहिले. गाडी ट्रकवर गेली. जुन्याच वेगात.

मग मशीन बंद करून खाटेवर बसले. उजवा हात डाव्यात धरून. तो हात हलत होता. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे बाबांनी पाहिलं.

गुरुवार, २४ जानेवारी

बाबा,

मराठी तुम्ही शिकवलीत, अशाच वहीत, रोज एक पान. म्हणून ही वही कीबोर्डवर ठेवून ऑफिसला जाते आहे. आजवर कुणी वाचलेली नाही. बारा तारखेपासून वाचा. जिथे तुमच्यावर अन्याय केला असेल तिथे खूण करा.

रणजीतजींना यात ओढू नका.

पॅच परत चढवला आहे. तो आता काढणार नाही.

तुमची पुढची गाडी रविवारी २७ ला संध्याकाळी. त्याआधी लॉबीत जाऊन उजव्या हाताचं तुम्ही स्वतः सांगावं. मी बरोबर येईन, बाहेर थांबेन. तुम्ही नाही सांगितलंत तर रविवारी सकाळी मी सांगेन. खोटी मुदत मी देत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही जाणार की मी जाऊ, एवढंच शनिवारी, २६ जानेवारीला, रात्री नऊपर्यंत या पानाखाली लिहून कळवा. डाव्या हातानं लिहिलंत तरी चालेल.

गौतमी